लक्ष्म्यांचा मान

जानेफळच्या झुंबरबाईंची थोरली सून मंजुळा दोन वर्षं अंथरुणाला खिळली आणि धाकटी पुष्पा घराची मालकीण झाली. चाव्या तिच्या कमरेला. महालक्ष्म्या उंबऱ्याच्या आत आणायचा थोरलीचा मानही तिलाच. माणसाला मान फार लवकर अंगवळणी पडतो.

ब्याऐंशी साली मंजुळा मुंबईहून आपल्या पायांनी चालत आली. रोगाचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. तिचंच रक्त तिच्या नसा कुरतडत होतं, म्हणे. डॉक्टरांनी ते यंत्रात नेलं, त्यातलं वाईट पाणी गाळून काढलं आणि चांगलं पाणी घालून रक्त परत अंगात सोडलं. सारा गाव बघायला लोटला. पुष्पाच्या पोटात मात्र दुखलं. जाऊ बरी झाली म्हणून जळणं पाप, हे तिला कळत होतं. तरी ती जळतच होती.

लक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी भाजी निवडता निवडता ती सासूला हळूच म्हणाली, "आत्याबाई, मोठ्या बाईच्या अंगात ते पाणी कोणाच्या रक्तातलं घातलं? कोण्या जातीचं, कोण्या कुळाचं... लक्ष्म्यांले चालन काय?"

काडी बरोबर पडली. दुसऱ्या दिवशी मंजुळा न्हाऊन, नवं लुगडं नेसून मुखवट्यांना हात लावणार, तोच झुंबरबाई आडव्या आल्या. "थांब. तुह्यात परक्याचं रक्त हाये. पुष्पा आणन लक्ष्म्या."

मंजुळेचे डोळे भरले. पुष्पानं पदर खोचला. कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटलं.

"परक्याचं कायचं वं माय?" मंजुळेचा नवरा महादेवराव ओसरीवरून म्हणाला. "औषधाचं पाणी अन् आपल्या निवृत्तीचं रक्त. माह्या रक्ताचा मेळ नाही बसला, त्याचा बसला."

पुष्पानं वळून पाहिलं. निवृत्ती तिचा नवरा. भावासोबत तोही मुंबईला गेला होता. परत येऊन महिना झाला, तिच्यापाशी त्यानं चकार शब्द काढला नव्हता.

"मले काऊन नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं, त तू देऊ देल्लं असतं काय?" निवृत्ती म्हणाला.

झुंबरबाईंनी कपाळावर हात मारला. "म्हंजे हे त आता आपल्या कुळाच्याच रक्ताची झाली! आपुन दोघी, पुष्पे, अजून परक्याच्याच लेकी." त्यांनी दोन्ही मुखवटे मंजुळेच्या हातात दिले.

मान गेला, त्याचं पुष्पाला आता काहीच वाटेना. मंजुळा उंबरा ओलांडत होती, आणि तिचं पाऊल नीट पडतं की नाही, ते निवृत्ती श्वास रोखून बघत होता.