अंजिरी रंगाचा मॉनिटर

दादर स्टेशनाजवळच्या एका मॅचिंग सेंटरमध्ये कालिंदीबाईंनी एकतीस वर्षं ब्लाउजपीस फाडले. म्हणजे ताग्याला कात्रीची चीर द्यायची आणि टर्रकन ओढायचं, तसे. गिऱ्हाइकाने पिशवीतून पदर बाहेर काढेपर्यंत त्यांचा हात फळीवरच्या नेमक्या ताग्यावर गेलेला असायचा. कोणी नाक मुरडलंच, तर त्या दोन्ही कापडं उचलून सरळ फुटपाथवर यायच्या. "ट्यूबलाइटवर जाऊ नका, उजेडात बघा," म्हणायच्या. उजेडात बघितलं की गिऱ्हाईक मुकाट्याने पिशवी पुढे करायचं.

चार वर्षांपूर्वी मात्र त्यांनी एका नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीच्या काळ्या साडीवर काळा म्हणून चक्क गडद निळा पीस दिला. शिंप्याने तो तसाच परत पाठवला आणि त्या सुनेच्या सासूबाईंनी भर दुकानात आवाज चढवला. पुढच्या दोन महिन्यांत अशा आणखी तीन चुका झाल्या. मालक भला माणूस. तो एवढंच म्हणाला, "कालिंदीताई, आता जरा घरी आराम करा." तो निळा पीस कालिंदीबाईंनी विकत घेतला, लालबागच्या खोलीत पत्र्याच्या ट्रंकेच्या तळाशी कोंबला आणि आराम करायला लागल्या. आराम म्हणजे काय, दिवसभर मनातल्या मनात त्या सासूबाईंना उत्तरं देणं.

पुढे निघाला मोतीबिंदू. मागच्या दिवाळीनंतर उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डाव्याचं त्या आज-उद्या करत ढकलत होत्या. "एक डोळा पुरे झाला की, मला काय विमान चालवायचंय?" असं सगळ्यांना ऐकवायच्या. खरी भीती वेगळीच होती. दोन्ही डोळे लख्ख झाले आणि तरीही रंग चुकला, तर दोष डोळ्यांवर ढकलता येणार नव्हता. मग दोष आपलाच, आणि एकतीस वर्षांचं नावही गेलं. ही भीती त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती. ट्रंकही उघडली नव्हती.

त्यांच्या सुनेचं नाव पूर्वी. ती घरूनच डिझाइनची कामं करायची. लग्नपत्रिका, बॅनर आणि हल्ली साड्यांचे कॅटलॉग. गिरगावातल्या शकूताईंच्या साडीच्या दुकानाचं काम तिने मोठ्या हौसेने मिळवलं होतं. पण दोनदा कॅटलॉग छापून आला आणि दोन्ही वेळा अंजिरी साडी कागदावर जांभळी निघाली. छापखान्यातल्या माणसाने त्याच्या स्क्रीनवर दाखवलं, फोटो मुळात ठीकच होता. तिचा मॉनिटर तिच्या नवऱ्याच्या, निलेशच्या ऑफिसातून मोडीत निघालेला, जुनाट आणि पिवळट. त्यावर साडी पिवळी दिसायची, म्हणून ही बिचारी त्यात निळा वाढवून रंग "सुधारायची" आणि चांगल्या फोटोचं वाटोळं करायची.

शकूताईंनी गोड आवाजात बजावलं, "पूर्वी, तिसऱ्यांदा असं झालं तर मी दुसरं कोणी बघेन हं."

मग पंधरा दिवस घरात मॉनिटर सोडून दुसरा विषय नव्हता. पूर्वी व्हिडिओ बघायची, आकडे वहीत उतरवायची. निलेश जेवताना त्यावर भाषण द्यायचा. शेवटी दोन मॉनिटर उरले. दोन्ही सत्तावीस इंची, किंमत जवळपास सारखी, खोक्यांवर सारख्याच बढाया. निलेशचा जीव पहिल्यावर जडला होता, कारण त्यावर क्रिकेट झकास दिसणार होतं. पूर्वीचा कल दुसऱ्याकडे, पण पक्का नाही.

"आई, तुम्ही चला आमच्याबरोबर," पूर्वी म्हणाली. "तुमच्यासारखी रंगाची नजर कोणाची नाही."

"माझी नजर गेली गो बाय, कधीचीच," कालिंदीबाई म्हणाल्या. तरी त्यांनी साडी बदलली. अंजिरी साडीचा ब्लाउजपीस पूर्वीने शकूताईंकडून मागून आणला होता. तो त्यांनी चौघडी घालून स्वतःच्या पिशवीत टाकला.

लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात शिरल्याबरोबर त्यांना गरगरलं. भिंतभर मॉनिटर, आणि प्रत्येकावर पोपट, फुलं, समुद्र. जगात असा पोपट असेल तर तो बहुधा रंगाच्या डब्यात पडलेला असणार, असं त्यांना वाटलं. विक्रेता वैभव पंचविशीतला, बोलायला मिठ्ठास. पूर्वीने निवडलेले दोन्ही मॉनिटर त्याने टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि पेन ड्राइव्हमधला अंजिरी साडीचा फोटो लावला.

"हा घ्या मावशी, एकदम कडक पीस! कलर बघा कसा मारतोय!" त्याने निलेशच्या लाडक्या मॉनिटरवर थाप मारली.

"कलर मारायला मी काय भिंत आहे?" कालिंदीबाई म्हणाल्या. "इथे लाइट फार आहेत रे. उचल बघू दोन्ही, दारात आण. उजेडात बघू."

"मावशी, हे कापड नाय ओ, मॉनिटर हाय."

"मग? उजेड त्याला काय चावतो?"

वैभवने निलेशकडे बघितलं, निलेशने छताकडे. एक्स्टेंशन बोर्ड आला, दोन स्टुलं आली आणि सकाळी अकराच्या रणरणत्या उन्हात दोन्ही मॉनिटर दुकानाच्या दारात विराजमान झाले. कालिंदीबाई फुटपाथवर उतरल्या, कमरेवर हात ठेवला आणि वाकून बघितलं. साडी बिडी काही नाही. एकात त्यांचं स्वतःचं नाक दिसत होतं आणि दुसऱ्यात पलीकडच्या वडापाववाल्याची कढई.

निलेश हसला, वैभव हसला, वडापाववालाही हसला. कालिंदीबाईंना मात्र रडू यायचं बाकी होतं. पुन्हा तेच, भर दुकानात, लोकांसमोर. आता घरी जावं आणि परत कोणाला रंगाबद्दल तोंड उघडून काही सांगू नये, असं त्यांना मनापासून वाटलं.

फक्त पूर्वी हसली नव्हती. "आई, कापडाला बाहेरचा उजेड लागतो," ती हळूच म्हणाली. "ह्याला त्याचा स्वतःचाच असतो."

कालिंदीबाईंनी एकवार कढईकडे आणि एकवार मॉनिटरकडे बघितलं. मग पदर खोचला.

"असं होय. मग उलटं करू. हे ठेव आत, अंधाऱ्या कोपऱ्यात. आणि दोघांवर वर्तमानपत्र लाव, हातभर झगमगाट नको मला. मधे तळव्याएवढं भोक पाड. आम्ही ताग्याची घडी तेवढीच दाखवायचो."

मॉनिटर कोपऱ्यात गेले. दोघांवर वर्तमानपत्राचे बुरखे चढले. बुरख्यातून आता फक्त साडीचा एकेक तुकडा दिसत होता. पूर्वीने दोन्हींचा प्रकाश सारखा करून घेतला. कालिंदीबाई दारात गेल्या आणि पीस उन्हात धरला. डावा डोळा तळव्याने झाकला आणि उजव्याने नुसत्या बघत राहिल्या, पाठांतर करावं तशा. अंजिरीत तांबडा असतो, अगदी थोडा. तो सुटला की अंजिरी संपला. मग त्या आत वळल्या, कोपऱ्यात थोडं थांबून डोळा निवू दिला आणि बोट दाखवलं.

"हा. दुसरा लबाड आहे, जांभळ्याकडे ओढतो."

त्यांचं बोट पूर्वीचा कल होता त्या मॉनिटरवर होतं. निलेशला हे कसं पटणार? "आई, मला तर दोन्ही सेम दिसतायत. अंदाजाने बोललीस ना?"

"मग तपास घे मेल्या."

त्याने त्यांना दारात पिटाळलं आणि मॉनिटरांची अदलाबदल केली. त्यांनी बोट दाखवलं, बरोबर. परत पिटाळलं. या वेळी त्याने बदललंच नाही, नुसती खुडबुड करून आवाज काढला. बोट पुन्हा बरोबर. तिसऱ्या खेपेला वैभवनेच अदलाबदल केली आणि वडापाववाला गिऱ्हाइकं सोडून बघायला आला. बोट त्याच मॉनिटरवर गेलं.

"मावशी, आमच्याकडे नोकरी करता काय?" वैभव म्हणाला.

कालिंदीबाईंनी पीस चौघडी घालून पिशवीत टाकला. मग त्या पिशवीत उगाच रुमाल शोधत राहिल्या. निलेशने क्रिकेटचा विषय काढला नाही, एवढं शहाणपण त्याला होतं.

मॉनिटर घरी आला, कॅटलॉग छापून आला. शकूताईंनी पान साडीवर ठेवलं, दोन्ही घेऊन दुकानाच्या दारात गेल्या, निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "आता पैठण्यांचंही तूच कर." पूर्वीने ते फोनवरून सांगितलं तेव्हा कालिंदीबाई तिच्या टेबलापाशी उभ्या होत्या. जुना मॉनिटर अजून नव्याच्या शेजारीच होता. त्यांनी उजवा डोळा मिटून नव्याकडे बघितलं आणि तो थेट जुन्यासारखा पिवळट झाला. डावा मिटला, तर लख्ख.

पूर्वी घरी आली तशा त्या म्हणाल्या, "डॉक्टरांचा नंबर लाव गो. हा जुना डोळाही काढू मोडीत."

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पट्टी काढली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, घरात कोणी नसताना, त्यांनी ट्रंक उघडली. तळातला पीस काढून गॅलरीत नेला आणि कठड्यावर पसरला. काळ्याच्या जवळपासही नव्हता तो. गडद, गर्द निळा, भर उन्हातही न विटणारा. आंधळ्याशिवाय कोणी चुकणार नाही असा निळा. आणि त्या वेळी त्या आंधळ्याच तर होत्या. खोट डोळ्यांची होती, त्यांची नव्हती. हे इतकं सोपं होतं आणि कळायला चार वर्षं लागली, याचं त्यांना हसूही आलं आणि डोळेही भरून आले. डॉक्टरांनी पाणी लागू द्यायचं नाही म्हटलं होतं, म्हणून त्यांनी घाईघाईने औषधाच्या कापसाने टिपून घेतले.

पूर्वी जिना चढून वर आली तेव्हा त्या चपला घालत होत्या.

"कुठे निघालात आई?"

"शिंप्याकडे," कालिंदीबाई म्हणाल्या. "चांगला पीस आहे. चार वर्षं उगाच वाया घालवला."