तिसऱ्या पंपाचं कुलूप

दोन पंप एका सुरात घरघरत होते, तिसरा बंद होता. ती पॅनेलपाशी उभी होती. तो तिसऱ्या पंपाच्या मुख्य खटक्यासमोर, मूठ मिटून. खटक्याच्या दांड्याला त्याचं निळं कुलूप लटकत होतं, आणि त्याच्यावर धुळीचा कणही नव्हता. हे त्याने पाहिलं होतं. त्याने पाहिलं, हे तिने पाहिलं होतं.

शहराचा सगळा उतार या आवारात येऊन संपे. गटारांचं, रस्त्यांचं, छपरांचं पाणी जमिनीखालच्या विहिरीत गोळा होई, आणि पंप ते उचलून पलीकडे नदीत सोडत. विहिरीत कोणी दुरुस्तीला उतरायचं तर आधी आतला वायू मोजायचा आणि मग उतरणाऱ्याने पंपाच्या खटक्यावर स्वतःचं कुलूप घालायचं. किल्ली त्याच्याच खिशात. कुलूप आहे म्हणजे माणूस आत आहे, आणि माणूस आत आहे तोवर पंप सुरू होणार नाही. वर आल्यावर ज्याचं कुलूप त्यानेच ते काढायचं, आणि ऑपरेटरच्या डोळ्यांत पाहून मोठ्याने म्हणायचं : बाहेर. मगच बटण.

ती ऑपरेटर होती. तो फिटर. तो खाली उतरे तेव्हा त्याच्या कमरेच्या दोराचं दुसरं टोक तिच्या हातात असे. एक हिसका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे वर ओढा. कधीकधी काहीही कारण नसताना खालून एक हिसका येई. ती वरून एक परत देई. त्यांच्यातलं जे काही बोलणं झालं ते असं, अंधारातून उजेडाकडे जाणाऱ्या दोरातून झालं होतं. वर आल्यावर मात्र तो बेअरिंगविषयी बोलायचा आणि ती चहाविषयी.

मग त्याच्या आईने अंथरूण धरलं, थोरला भाऊ तिला आपल्या गावी घेऊन गेला, आणि यानेही तिकडेच नोकरी धरली. शेवटच्या दिवशी त्याने तिसरा पंप दुरुस्त केला, वर आला, हत्यारं मोजून दिली, चहा घेतला आणि निघून गेला. कोरडे दिवस होते. दोन पंपांत भागत होतं. तिसरा चालवून पाहायची कोणालाच घाई नव्हती. दुसऱ्या दिवशी तिला कुलूप दिसलं.

अशा मागे राहून गेलेल्या कुलपाचाही नियम होता. मालकाशी बोलायचं, तो खरोखर बाहेर आहे याची खात्री करायची, साहेबांची सही घ्यायची आणि कुलूप कापायचं. म्हणजे एका फोनचं काम. तिने तो फोन केला नाही. जगाच्या दृष्टीने तो गेला होता. या एका खोलीच्या दृष्टीने तो अजून आत होता, आणि कोणीतरी आत आहे असं धरून दिवसभर सांभाळून वागण्यात एक ऊब होती. ती येताजाता ते कुलूप पुसे.

विहिरीत पाणी शिरतं तिथल्या जाळीवरचा कचरा ओढणारे काका एकदा म्हणालेच होते, "अगं बाई, कुलूप आहे ते, तान्हं मूल नव्हे. रोज काय न्हाऊमाखू घालतेस?"

आणि मग हा पाऊस लागला. आज सकाळी साहेब कटर घेऊनच आले.

"खालच्या वस्तीत पाणी शिरलं तर लोक कुलपाला नाही, मला धरतील. कापा."

"मालकाला विचारल्याशिवाय कापता येत नाही, साहेब."

"मग विचारा की! तो काय पाताळात गेलाय?"

काकांनी विहिरीच्या झाकणाकडे बोट दाखवलं. "कुलपाचं म्हणणं तरी तेच आहे, साहेब."

साहेबांनी स्वतःच फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. पलीकडून त्याचा आवाज आला : "कापू नका. किल्ली माझ्याजवळ आहे. निघतो."

शोधतो म्हणाला नाही. बघतो म्हणाला नाही. माझ्याजवळ आहे. साहेबांनी दुपारपर्यंतची मुदत दिली, आणि ती तेवढा वेळ पाण्याची पट्टी आणि फाटक यांच्याकडे आळीपाळीने पाहत राहिली. पट्टीवर पाणी धोक्याच्या लाल रेघेकडे चढत होतं. आयुष्यात प्रथमच तिला पाणीही हळू चढावं असं वाटत होतं आणि वेळही भरभर सरावा असं.

आता तो आला होता.

"आई कशी आहे?" शेवटी तिनेच विचारलं.

"बसती झाली. वहिनी करतात सगळं. पाणी कुठवर आलंय?"

"लाल रेघेच्या चार बोटं खाली."

"हं." तो कुलपाकडे वळला. "चकाकतंय."

"दमट हवा आहे. गंज धरतो."

त्याने मूठ उघडली. किल्ली सुटी नव्हती. घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात होती, त्यांच्यासारखीच घासून गुळगुळीत झालेली. कुलूप एका फिरकीत उघडलं. ते त्याने तिच्या हातात दिलं आणि समोर उभा राहिला.

तिने झाकण सारून विहिरीत डोकावून पाहिलं. बटणाआधी पाहायचंच असतं. आत काळं पाणी होतं आणि पाण्यावर तिचा स्वतःचा थरथरता आकार. ती पॅनेलपाशी परतली.

"बोल," ती म्हणाली. "तू म्हटल्याशिवाय मला दाबता येत नाही."

त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं. नियमाला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ.

"बाहेर," तो म्हणाला.

तिने बटण दाबलं. तिसरा पंप खोकला, अडखळला, आणि मग त्याने सूर धरला. तीन आवाज मिळून जो एक आवाज होतो तो ती विसरूनच गेली होती. जाळीवरून काकांची हाक आली : "उतरतंय! उतरतंय गं, पोरी!" वस्ती वाचली होती. खोलीतून कोणीतरी उठून गेल्यासारखं मात्र तिला वाटत होतं.

तो पिशवी उचलून दारापाशी पोचला होता. परतीची बस लवकर होती. त्याने ते सांगितलंही नाही, तिला ते त्याच्या खांद्यांवरून कळलं.

"एक सांग," ती पंपांच्या आवाजावरून म्हणाली. "त्या दिवशी कुलूप विसरलास, की ठेवलंस?"

तो थांबला. जुडगा अजून त्याच्या हातात होता. अंगठा त्याच किल्लीवरून एकदा फिरला. मग त्याने तो जुडगा तसाच, कुलपाची किल्लीही न काढता, खिशात टाकला आणि पावसात, मागे न पाहता, फाटकाकडे चालू लागला.