उशीचा खटला

अंडं उकडायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ इंग्रजीत बोलायचं, एवढीच काय ती परीक्षा. हे मोजमाप इस्त्रीताईच्या लेकीने काढलं होतं. ती गॅसवर अंडं ठेवायची आणि म्हणायची, "हं आई, कर सुरू." आई सुरू करायची. नाव सांगून व्हायचं, काम सांगून व्हायचं, घरात माणसं किती तेही व्हायचं आणि मग ती छताकडे बघत उभी राहायची, जणू पुढचं वाक्य पंख्याला टांगलंय. लेक गॅस बंद करायची. त्यामुळे घरातली तिन्ही माणसं बरेच दिवस पातळ अंडी खात होती. नवरा सोशिक होता, पण एके दिवशी तोही म्हणाला, "हे बघ, इंग्रजी नाही आलं तरी चालेल, पण मला एकदा घट्ट अंडं खाऊन मरायचंय."

इस्त्रीताई एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखात्यात होती. हे खातं तळघरात. तिथे दिवसभर वाफ, चादरी आणि दुसऱ्यांच्या झोपेचे वास. खिडकी एकही नाही. वर पाऊस पडतोय की ऊन, हे तिला पाहुण्यांच्या टॉवेलवरून कळायचं. आता तिसऱ्या मजल्याच्या सुपरवायझरची जागा रिकामी झाली होती आणि तिसऱ्या मजल्याला खिडक्या होत्या. अट एकच. मॅनेजरबाई आणि बाहेरचे एक तज्ज्ञ यांच्यासमोर, देतील त्या विषयावर, अंडंभर इंग्रजी. ही जागा हुकली तर पुढची रिकामी व्हायला दुसऱ्या मजल्यावरची सुपरवायझर निवृत्त व्हावी लागणार होती, आणि ती बया नुकतीच बाळंतपणाच्या रजेवरून परत आली होती.

म्हणून इस्त्रीताईने रंगाच्या दुकानावरच्या इंग्रजीच्या वर्गात नाव घातलं. वर्गात सगळ्यात जास्त इंग्रजी सर बोलायचे, त्यामुळे सगळ्यात जास्त प्रगतीही सरांचीच झाली होती. त्यांचा नियम कडक होता. जो मातृभाषेत बोलेल त्याने उभं राहायचं, आणि इंग्रजीत पूर्ण वाक्य सुचेपर्यंत बसायचं नाही. गार्डकाकांनी अख्खा मागचा धडा उभ्यानेच शिकला होता. ते मोटारींच्या शोरूमच्या दारावर असतात, त्यांना सवय आहे.

परीक्षा सोमवारी होती. त्याआधीचा शेवटचा वर्ग शनिवारी. जिन्यातच तिने सरांना गाठलं. "सर, आज मला बोलू द्या. एकदाच, पूर्ण. मध्ये कोणी तोंड घालायचं नाही."

"ताई, आजचा दिवस तुमचाच," सर म्हणाले. तो त्यांचा त्या दिवशीचा शेवटचा खरा शब्द.

धडा होता 'गुन्हा आणि शिक्षा'. पुस्तकातल्या चित्रात एक माणूस बगलेत टीव्ही मारून पळत होता. तोंडभर हसत होता. त्यावरून चर्चा करायची होती. विमाकाकूंनी हात वर केला आणि विचारलं, "हा एवढा खूश कशाने?" विचारलं आपल्याच भाषेत, त्यामुळे त्या उभ्या राहिल्या. त्या विमा विकत आणि उभ्याने जास्त चांगला विकत, म्हणून त्यांचीही तक्रार नव्हती.

"आज इस्त्रीताई बोलतील," सर म्हणाले आणि खुर्चीत बसले. बसले आणि टाचणी टोचल्यासारखे उठले.

उशी नव्हती.

सरांची कंबर जुनी, खुर्ची त्याहून जुनी. दोघांमध्ये तह घडवून आणणारी एक तपकिरी चौकोनी उशी होती आणि ती कायम तिथेच असायची. सरांनी खुर्चीखाली बघितलं. टेबलाखाली बघितलं. फळ्याच्या मागे बघितलं, जिथे कोणाचीही उशी कधीच नसते. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू त्या चित्रातल्या चोरासारखंच हसू पसरलं.

"मित्रांनो," ते इंग्रजीत म्हणाले, "या खोलीत गुन्हा घडला आहे."

गार्डकाका उठले, दाराकडे गेले आणि कडी लावली. शोरूमच्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी कोणालाही पकडलं नव्हतं. लोक मोटारी चोरायला येतच नाहीत, नुसत्या बघायला येतात. "कोणी बाहेर जाणार नाही," ते इंग्रजीत म्हणाले. पूर्ण वाक्य. सरांना भरून आलं.

"सर, माझं भाषण..." इस्त्रीताई म्हणाली.

"मातृभाषा," सर म्हणाले. ती उभी राहिली.

मग जे काही सुरू झालं त्याला तोड नाही. एरवी ज्यांच्या तोंडून 'येस' काढायला चिमटा लागायचा, ते आता धबधब्यासारखे इंग्रजी बोलू लागले. ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर होते, त्यांना सगळे 'ब्रेक' म्हणत, कारण समोरचा घाईने बोलायला लागला की त्यांचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जाई. त्यांनी विचारलं, "उशी शेवटची कोण बघितलं?"

"मी बघितलं," गार्डकाका म्हणाले. "मंगळवार. उशी बसली होती. सर वर बसले होते."

"उशीचा विमा होता?" विमाकाकूंनी विचारलं.

"नव्हता," सर म्हणाले.

काकू चुकचुकल्या. आता काहीही झालं तरी तो उशीचाच दोष, असा त्यांचा सूर होता.

"चोर शांत असतो," गार्डकाका म्हणाले. "कोण शांत आहे?"

सगळे इस्त्रीताईकडे वळले. ती शांत होती, कारण तिला बोलू देत नव्हते.

"शिवाय," ब्रेक म्हणाले, "ती कुठे काम करते? उशा, चादरी, अभ्रे! सगळं तिच्या हाताखालून जातं." आणि आपल्याच वेगाने घाबरून त्यांनी पाय दाबला.

"अहो, माझ्याकडे रोज चारशे उशा असतात!" इस्त्रीताई ओरडली. "मी ह्यांची फाटकी उशी कशाला चोरू? मिठाईवाल्याने कधी दुसऱ्याच्या घरचा लाडू चोरलाय?"

"मातृभाषा," सर प्रेमाने म्हणाले. ती आधीच उभी होती. नियमात याच्यापुढे काही नव्हतं.

रंगाच्या दुकानातून डबे हलवल्याचा आवाज येत होता. घड्याळ पुढे सरकत होतं. तिने हात वर केला, खाली घेतला, परत वर केला. सोमवार काही तिच्यासाठी थांबणार नव्हता. मधल्या काळात गार्डकाकांनी गुन्ह्याची जागा म्हणून सरांच्या खुर्चीभोवती खडूने रेघ काढली होती आणि काकूंना साक्षीदार केलं होतं. काकूंनी काहीच पाहिलं नव्हतं, पण साक्ष लांबलचक दिली. हा खटला संपल्याशिवाय आपली पाळी येत नाही, हे इस्त्रीताईला दिसत होतं. आणि तिने रागाच्या भरात माणूस करतो ते केलं. सोपं ते केलं.

"मी घेतली," ती इंग्रजीत म्हणाली. "मी उशी चोरली. मी चोर. संपलं. आता मी बोलते."

मग टाळ्या. सर टाळ्या वाजवत होते. गार्डकाकांचे डोळे पाणावले. पहिला चोर माणसाच्या आयुष्यात एकदाच येतो.

"आता शिक्षा!" सर म्हणाले. "धड्याचा दुसरा भाग!"

गार्डकाकांनी तुरुंग मागितला. ब्रेक म्हणाले, लायसन्स रद्द करा. "तिच्याकडे लायसन्स नाही," काकू म्हणाल्या. "मग आधी द्या," ब्रेक म्हणाले. काकूंचं मत पडलं की चोर बाई एरवी चांगली वाटते, तिला सुधारायची संधी द्यावी आणि सोबत एक पॉलिसी द्यावी. यावर एवढी चर्चा झाली, एवढी पूर्ण वाक्यं बोलली गेली, की शेवटी सरांनीच टेबलावर डस्टर आपटून निकाल दिला.

"आरोपीने वर्ग संपेपर्यंत एकही शब्द बोलायचा नाही."

सगळ्यांनी हात वर केले. एकमताने मंजूर.

इस्त्रीताईने तोंड उघडलं. सरांनी ओठांवर बोट ठेवलं.

वर्ग सुटल्यावर ती जिन्यात कठड्याला धरून उभी राहिली. बाकीचे तिच्या खांद्यावर थोपटून गेले. गार्डकाका म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका ताई, होतं असं माणसाकडून." ते खरोखर समजुतीने म्हणत होते, म्हणून जास्त लागलं.

मग सर आले. आनंदाने नुसते फुलले होते.

"काय वर्ग झाला! बघितलंत? गार्ड बोलले! मी या लोकांपुढे वर्षभर डोकं आपटतोय!"

"सर, सोमवारी माझी परीक्षा आहे."

"होईल हो. तज्ज्ञ मंडळीही माणसंच असतात." ते जवळ झुकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्हाला म्हणून सांगतो. उशी घरीच आहे. बायकोने धुवायला काढलीय. मध्येच आठवलं मला."

"मध्येच म्हणजे कधी?"

"गार्डनी कडी लावली तेव्हा."

कडी तर अगदी सुरुवातीलाच लावली होती.

"म्हणजे मी चोर नाही, हे तुम्हाला..."

"अहो, चोर कुठे, ती भूमिका होती! आणि मी तेव्हा बोललो असतो तर सगळे गप्प झाले असते ना. शिकवण्यात थोडा त्याग करावा लागतो."

त्याग त्यांचा होता असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात, हे तिने ऐकलं होतं. फाशी देणाऱ्याच्याच घरी उशी वाळत घातलीय, हे मात्र नवीन होतं.

त्या रविवारी गॅसवर अंडं चढलं नाही. लेकीने पातेलं काढलं, आईचं तोंड बघितलं आणि परत ठेवून दिलं. नवऱ्याने विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही." आणि त्याच्या शर्टाच्या कॉलरवरून अशी इस्त्री फिरवली की सोमवारी त्याला मान वळवता येईना.

सोमवारी हॉटेलच्या वरच्या दालनात लांब टेबल होतं. टेबलामागे मॅनेजरबाई होत्या, ज्या कधी हसल्याचं हॉटेलात कोणाच्या ऐकिवात नव्हतं. त्यांच्या शेजारी बाहेरचे तज्ज्ञ. गावात इंग्रजीचे तज्ज्ञ असून असून किती असणार?

सर होते. हॉटेलच्या खुर्च्या कडक, म्हणून त्यांनी घरून उशी आणली होती. तपकिरी, चौकोनी, स्वच्छ धुतलेली. शिवणीवर साबणाचा पांढरा डाग राहिला होता. पाणी कमी पडलं की राहतो.

सरांनी तिला डोळा मारला. मग घसा साफ करून इंग्रजीत विषय वाचला. "गुन्हा आणि शिक्षा. तुम्ही पाहिलेल्या एखाद्या गुन्ह्याबद्दल बोला." तिला मदत म्हणून सोपा विषय काढला, असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं.

इस्त्रीताईने छताकडे बघितलं. मग उशीकडे बघितलं. पुढचं वाक्य पंख्याला नव्हतंच. ते सरांच्या खाली होतं.

"एका खोलीत उशी हरवली," ती इंग्रजीत म्हणाली. "मालक ओरडला, चोर, चोर. दार बंद केलं."

तिची क्रियापदं पडत होती, धडपडत होती, एकमेकांच्या पायात पाय घालत होती, पण थांबत नव्हती. तिने गार्डकाका सांगितले, खडूची रेघ सांगितली, विमा सांगितला. वर केलेला हात सांगितला, तो करून दाखवला. "मी म्हणाली, मी चोर. का म्हणाली? मला बोलायचं होतं. खोटं बोलली तेव्हा टाळ्या. खरं बोलायला हात वर केला, तेव्हा कोणी बघितलं नाही." मॅनेजरबाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि उशी मालकाच्या घरी होती. त्याला माहीत होतं. तो गप्प राहिला. आयुष्यात पहिल्यांदा गप्प राहिला."

सरांचा रंग आधी भिंतीसारखा झाला, मग उशीसारखा. त्यांनी उशीचा दिसणारा कोपरा कोटाने झाकायचा प्रयत्न केला.

"आता ती उशी कुठे आहे?" मॅनेजरबाईंनी इंग्रजीत विचारलं.

"इथेच आहे," इस्त्रीताई म्हणाली. "नीट खंगाळली नाही."

मॅनेजरबाईंनी मान वळवून सरांच्या खुर्चीकडे सावकाश बघितलं. "आणि या माणसाला शिक्षा काय द्यावी?"

हे तिने ठरवलं नव्हतं. राग होता तेवढा सगळा वाक्यांत खर्च झाला होता.

"त्याने शनिवारी वर्गात यावं," ती म्हणाली. "बसावं. उशी घेऊन बसावं, कंबर दुखते त्याची. आणि एक शब्द बोलू नये. आम्ही बोलू."

"वर्ग संपेपर्यंत?"

"वर्ष संपेपर्यंत."

सरांनी खुलासा करायला तोंड उघडलं. इस्त्रीताईने ओठांवर बोट ठेवलं. नवल म्हणजे मॅनेजरबाईंनीही ठेवलं. सरांनी तोंड मिटलं, गुणांचा कागद पुढे ओढला आणि बराच वेळ लिहीत बसले. त्यांनी तिला पैकीच्या पैकी दिले. फक्त 'शांत स्वभाव' या रकान्यात शून्य दिलं, आणि ते बरोबरच होतं.

संध्याकाळी लेकीने अंडं ठेवलं. "हं आई, कर सुरू." आई सुरू झाली, आपल्या भाषेत, आणि थांबेचना. दालनात किती खिडक्या होत्या, तिसऱ्या मजल्यावर आता आपल्या किती असतील, सर दारातून बाहेर पडताना उशी कशी पाठीमागे लपवत होते. पातेल्यातलं पाणी आटलं तरी कोणाचं लक्ष नव्हतं.

नवऱ्याने शेवटी अंडं सोलून टेबलावर ठेवलं. ते घरंगळलं, खाली पडलं आणि तसंच्या तसं राहिलं. त्याने उचललं, पुसलं आणि खाल्लं.

"शनिवारी वर्ग आहे का गं?" त्याने विचारलं.

"आहे की. आता तर रोज जायला पाहिजे."