मागची सीट

“आधी दगडाचा पोपट दाखवायचा, मंग बाकीचं,” शरिफानं गाडीत पाय ठेवायच्या आधीच बजावलं, आणि गनीभाई पुसलेला आरसा पुन्हा पुसायला लागला.

“अगं, बस तर खरी. पुढं बस.”

ती पुढं बसली. मांडीवर भाकऱ्यांचं फडकं घेतलं, इस्त्रीची साडी गुडघ्यावर नीट केली आणि काचेतून अशी बघायला लागली, जणू श्रीरामपूरचा तोच तो रस्ता तिला आज कुणी नवीन करून दिला होता. नवऱ्याच्या जीपमधून ती लग्नकार्याला गेली होती, दवाखान्यात गेली होती. फिरायला म्हणून आजच निघाली होती.

उद्या, शुक्रवारी, जीप नव्या मालकाकडे जायची होती. गनीभाईचा डावा गुडघा कामातून गेला होता. क्लच दाबताना डोळ्यांपुढं काजवे चमकायचे आणि पायरी चढायची तर भिंत धरावी लागायची. नगरला असलेल्या मुलानं, मुजफ्फरनं, फोनवरच निकाल दिला, “अब्बा, आता बास.” शरिफानं त्यावर वाद घातला नाही. एकच मागणं मागितलं. गाडी जायच्या आत मला रतनवाडी दाखवा, इतकी वर्षं तुमच्या तोंडून ऐकलं, एकदा डोळ्यांनी बघू द्या.

मागणं साधं होतं. अडचण अशी होती, की रतनवाडीचं देऊळ खुद्द गनीभाईनंच पाहिलेलं नव्हतं.

भंडारदरा, रंधा धबधबा, रतनवाडी या फेऱ्या करण्यात त्याचं आयुष्य गेलं, पण गाडी उभी केली त्या जागेच्या पुढं तो कधी सरकला नाही. सुरुवातीला गाडी शेठची होती. दाराला धड कुलूप नव्हतं, टपावर लोकांच्या बॅगा, आणि तिथली माकडं तर आत शिरून चपात्यांचे डबे उघडणारी. डायव्हरनं गाडी सोडायची नाही, असं शेठनं पहिल्याच दिवशी ठणकावलं होतं. पुढं गाडी स्वतःची झाली, कुलपंही नवीन आली, पण अंगवळणी पडलेलं सुटलं नाही. पॅसेंजर देवळाकडे गेले की हा सीट मागं पाडून तोंडावर रुमाल टाकायचा.

आणि तरी घरी सांगायला त्याच्याजवळ मुबलक असायचं. परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर गप्पा रंगायच्या. कुणी देवळावरच्या कोरीव बायकांचं बोलायचं, कुणी पुष्करणीच्या पाण्याचं, कुणी रतनगडाच्या माथ्यावरच्या त्या आरपार भोकाचं, नेढ्याचं. गनीभाई डोळे रस्त्यावर आणि कान मागं ठेवून गाडी हाकायचा. जेवायला बसला की शरिफा विचारायची, “आज काय पाह्यलं?” मग तो सुरू व्हायचा. शरिफाचं माहेर पाथर्डीकडच्या वस्तीवरचं, त्यामुळे घरात दखनीपेक्षा मराठीच जास्त चालायची, आणि त्या मराठीत ‘म्या हात लावून बघितलं’ हे वाक्य कधी शिरलं ते त्यालाही कळलं नाही.

पोपट मात्र त्यानं निव्वळ मनानं रचला होता. शरिफाची आई वारली होती. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली, अन्नाला शिवत नव्हती. नेमके त्या दिवशीचे पॅसेंजर आपसांत भांडले आणि येताना अक्षर बोलले नाहीत. गनीभाई रित्या हातानं घरी आला. तशातही तिनं भिंतीकडे बघतच विचारलं, “आज काय पाह्यलं?” तो बोलून गेला, “देवळाच्या मागं एक दगडाचा पोपट हाय. कुठंबी उभं ऱ्हा, तुझ्याकडंच बघतो.” शरिफा कूस बदलून त्याच्याकडे वळली. मग दोन घास जेवलीही. पुढं गल्लीतल्या कितीतरी पोरांना तिनं त्या पोपटाची गोष्ट सांगून निजवलं.

आता तो पोपट आणायचा कुठून?

शेंडी गावापाशी भंडारदऱ्याचं धरण दिसलं तेव्हा त्यानं गाडी बाजूला घेतली. “हितंच बसू. पानी बघ किती भरलंय. पुढं रस्ता लई खराब हाय म्हनत्यात.”

शरिफानं पाणी पोटभर बघितलं. म्हणाली, “झ्याक धरन हाय. पन पोपट बघितल्याबिगर माघारी फिरायचं न्हाई.”

रतनवाडीत साळूबाईची चहाची टपरी अगदी गाड्यांच्या जागेला लागून होती. तिनं गनीभाईला उतरताना पाहिलं आणि स्टोव्हवर आधण ठेवलं. “आज पॅशिंजर कुठं सोडलं, भाई?”

“ही आमची घरवाली. देऊळ बघायला आलीय.”

“या, या, बसा बाई.” साळूबाईला खरंच आनंद झाला होता. “आन भाई, तुमीबी जानार वर? आज सूर्व्य कुनीकडं उगवला म्हनायचा!” मग शरिफाच्या हातात कप देत ती कौतुकानं म्हणाली, “ह्या मानसानं माझ्या टपरीच्या पुढं कदी पाऊल टाकलं न्हाई बघा. देऊळ म्हना, गड म्हना, काय म्हनता काय बघितलं न्हाई. झोपायचं, आन उठलं की च्या मागायचा.”

शरिफाचा कप ओठांपाशी थांबला. गनीभाई झाडावरच्या माकडांकडे बघत राहिला. तिनं चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि एवढंच विचारलं, “पायऱ्या हायेत का वाटंला?”

“हायेत थोड्या,” साळूबाई म्हणाली.

“मंग तुमी हितंच बसा. गुडघा हाय.” आणि ती एकटीच निघाली.

तो मागोमाग उठला. पहिल्या पायरीवर गुडघ्यानं दगा दिला, साळूबाईनं दंड धरला म्हणून पडला नाही. पाय धड होते तेव्हा झोपा काढल्या, आणि आता जावंसं वाटलं तर पाय नाहीत. त्याला स्वतःची मनस्वी लाज वाटली. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. उद्यापासून जीप नाही, फेऱ्या नाहीत, हे त्यानं कसंही सोसलं असतं. ‘आज काय पाह्यलं’ असं ती पुन्हा कधी विचारणार नाही, ते मात्र त्याला सोसणार नव्हतं.

शरिफा फार वेळानं आली. तोपर्यंत उन्हं कलली होती. ती थेट गाडीपाशी आली, मागचं दार उघडलं आणि मागच्या सीटवर बसली.

“पुढं बस ना.”

“हितंच बरं हाय.”

त्यानं गाडी काढली. धरण मागं पडलं, शेंडी गेली, राजूरचा बाजार गेला. भाकऱ्यांचं फडकं पुढच्या रिकाम्या सीटवर तसंच होतं.

राजूर सोडल्यावर ती बोलली, मोठ्यानं, काचेकडे बघत. “तिथल्या बारवंचं पानी लई गार हाय. हात घातला तर बोटं बधिर झाली.”

गनीभाईची मान सवयीनं जराशी मागं कलली.

“भिंतीवर बायका हायेत दगडाच्या. नाचत्यात. हात लावून लावून लोकांनी तोंडं पार गुळगुळीत केली त्यांची. एकीच्या पायात काटा रुतलाय, ती काढतीय. आन वर गडाला भोक हाय, त्यातनं आभाळ दिसतं. तुमी सांगितल्यालं तसंच हाय सगळं.”

त्यानं गाडी हळू केली. ती थांबली. आता पोपटाचं येणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

“आन पोपट हाय,” शरिफा म्हणाली.

त्याचा पाय ब्रेकवर गेला.

“मागल्या अंगाला हाय. लई खाली, जमिनीला टेकून. बसून हुडकावं लागतं, म्हनून कुनाला घावत न्हाई. एक पंख तुटलाय त्याचा.”

गनीभाईनं आरशात पाहिलं. ती बाहेर बघत होती. इस्त्रीच्या साडीला दोन्ही गुडघ्यांवर माती लागली होती, चांगली घासलेली, ओली माती.

“तोंड कुनीकडं हाय त्याचं?” त्यानं हळूच विचारलं.

“गाड्या उभ्या ऱ्हातात ना,” शरिफा म्हणाली, “तिकडं.”

पुढं चढ लागला. गनीभाईनं क्लच दाबला, गुडघ्यातून कळ गेली, आणि त्यानं गाडी आणखी हळू घेतली. श्रीरामपूर इतक्यात यायला नको होतं.

“आनखी काय पाह्यलं?” त्यानं विचारलं.