दोरीचे दुसरे टोक

मित्रांनो, भिंतीला गिलावा झाला की विटा दिसत नाहीत, आणि विटा रचणारी थापी तर कुणाच्या ध्यानातही राहत नाही. मी तशीच एक जुनी थापी आहे. माझे पाते झिजून निम्मे उरले आहे.

लोहाराने मला घडवले आणि एका गवंड्याने विकत घेतले. त्याचे पंजे मोठे, म्हणून माझी मूठही जाडजूड. त्याची मुलगी त्याच्याच हाताखाली घमेली वाहायची. दुपारी बाप आडवा झाला की ती मला उचलून उरलेल्या मालात, म्हणजे कालवलेल्या सिमेंट-वाळूत, विटा लावून बघायची. बाप एक डोळा उघडा ठेवूनच झोपायचा.

"माल कमी घे गं. वीट बसवायची आहे, बुडवायची नाही."

पुढे त्याचे गुडघे गेले आणि मी तिच्याकडे आले. तिने काचेच्या तुकड्याने माझी मूठ खरवडून आपल्या मुठीत मावेल अशी केली आणि मला घेऊन मुकादमापुढे उभी राहिली.

"ताई, घमेलं उचल. बाईच्या हातात थापी शोभत नाही," तो म्हणाला.

"शोभायला मी ती गळ्यात घालणार नाही, दादा. भिंत बांधणार आहे."

मुकादमाने तिला मागच्या कुंपणाची लांब भिंत दिली. ही जमली तर गवंडी, नाही तर पुन्हा घमेले.

भिंत बांधायची रीत अशी. दोन टोकांना दोन गवंडी, मधे ताणलेली दोरी. दोघे विटा रचत मधे येतात, आणि समोरच्याला काही वाकडे दिसले तर तो ओरडून सांगतो. तिच्या समोरच्या टोकाला कुणीच आले नाही.

"दिवसभर हिच्यासमोर उभा राहिलो तर घरी बायको जेवायला वाढेल का?" एक जण म्हणाला आणि बाकीचे हसले.

मग तीच इकडच्या टोकाला दोरीचा खिळा ठोके, तीच तिकडे पळे. बापाबरोबर तिने आखूड भिंतीच पाहिल्या होत्या. लांब दोरीला मधे विटेचा आधार द्यावा लागतो, नाही तर झोळ पडतो, हे तिला ठाऊक नव्हते. तीन थर चढले, तिन्ही मधे खचलेले.

"ही भिंत आहे की झोपाळा?" संध्याकाळी मुकादमाने विचारले.

तिने शेजारच्या गवंड्याकडे पाहिले. "तुम्हाला दिसत होतं ना?"

"आम्हाला वाटलं, तुला येतं," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.

तिने माल ओला होता तोवर सगळे थर उतरवले. एकेक वीट पुसून बाजूला रचली. रात्री बापाला विचारले, आणि दुसऱ्या दिवशी दोरीला मधे आधार देऊन तिने भिंत पुन्हा उभी केली. मुकादम डोळा बारीक करून बघत राहिला आणि म्हणाला, "चालेल." त्या एका शब्दावर ती गवंडी झाली.

पण मित्रांनो, खरे एकटेपण त्यानंतर सुरू झाले. गवंड्यांच्या घोळक्यात तिला जागा नव्हती. ती घमेलेवाल्या बायकांकडे डबा घेऊन गेली, तर त्या सरकून बसल्या. काल तिला 'अगं' म्हणणाऱ्या बाया म्हणाल्या, "तुम्ही तिकडं सावलीत बसा ना, मिस्त्रीणबाई." त्या 'तुम्ही'वर तिने उघडलेला डबा पुन्हा बंद केला. त्यानंतर ती पाण्याच्या पिंपाआड जेवू लागली, मला शेजारी ठेवून. कितीतरी भिंती अशाच झाल्या. लोक तिच्या हाताची तारीफ करायचे आणि आपापल्या घोळक्यात परतायचे.

त्या बायकांत एक उंच बाई होती, तिला सगळे शिडी म्हणत. एकदा घमेले रिकामे करताना ती थबकली.

"अगं, दोरीला झोळ पडलाय बघ. मधली वीट सरकली."

माझी मालकीण तिच्याकडे बघतच राहिली. "उद्यापासून त्या टोकाला उभी राहशील?"

"उभी राहीन, पण थापी कुठाय माझ्याकडं?"

मालकिणीने मला तिच्या हातात दिले आणि स्वतःसाठी नवी आणली. माझी बारीक केलेली मूठ शिडीच्या मोठ्या हाताला पुरेना, तर तिने चिंधी गुंडाळली. सुरुवातीला मालकीण तिकडून ओरडायची, "माल कमी घे गं." पहिल्यांदाच मी तिला समोरून पाहत होते. विटेमागून वीट रचत ती माझ्याकडे येई, मी तिच्याकडे जाई, आणि मधे भेटलो की दोघी बायका पाठ सरळ करून हसत.

पण काम संपले की माणसे पांगतात. शिडीच्या घरच्यांना दुसऱ्या गावी काम मिळाले. तिच्याबरोबर मीही गेले. तिथे शिडी गवंडी म्हणूनच उभी राहिली, पण माझ्या जुन्या मालकिणीच्या समोर आता कोण उभे राहते, ते मला कधीच कळले नाही.

आज शिडी थकली आहे आणि मी रंगाच्या रिकाम्या डब्यांत पडून आहे. पात्यावर वाळलेला माल तसाच आहे. मित्रांनो, थापी रोज संध्याकाळी धुवावी, म्हणजे ती पुष्कळ वर्षे टिकते. आणि कुठे एखादी बाई एकटीच दोरीच्या दोन्ही टोकांना पळताना दिसली, तर तिला येत असेल असे समजून गप्प बसू नका. झोळ दिसला तर सांगा.