बधिर डबी

तोंड उघडलं की मी गुरगुरतो, म्हणून आजवर गप्पच राहिलो. मी फझ पेडल. बेस गिटार वाजवणाऱ्याच्या पायाशी असते ना, एक बटण आणि पिळायला तीन कान असलेली लोखंडी डबी? तोच मी.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी मला जोडलं. झाकण लावताना म्हणाले, "याला हळू-जोरात कळत नाही. कसंही वाजवा, हा बोंबलणारच." खरं आहे. मऊ, गोल सूर माझ्यात शिरतो आणि खरखरीत, दाट होऊन बाहेर पडतो. बोट तारेला नुसतं टेकलं काय आणि ओढून मारलं काय, मला सगळं सारखंच. त्याचं दुःखही होत नाही.

माझा मालक गाद्यांच्या कारखान्यामागच्या खोलीत तालीम करतो. त्याची थोरली बहीण त्याच्याच बँडमध्ये सिंथ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड, वाजवायची. तालीम संपली की माझ्यातली वायर तीच उपसायची. वायर आत राहिली तर माझी बॅटरी गुपचूप संपते, हे मालकाच्या डोक्यात कधी शिरलंच नाही.

तीन महिन्यांपूर्वी ताईच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, हात बधिर राहिला. तेव्हापासून दर तालमीला माझी बॅटरी मेलेली सापडायची. मालक दर वेळी नवी घालायचा.

येत्या रविवारी कार्यक्रम होता. ड्रमवाला म्हणाला, "ताईचं गाणं वगळू या. सिंथ कोण वाजवणार?" ते तिनं बांधलेलं एकच गाणं.

"मी बेसवर वाजवतो," मालक म्हणाला, आणि माझ्या शेजारी दुसरी डबी आणून ठेवली. ती फिल्टरची. हा फिल्टर सूर आला की तोंड उघडतो, ओसरला की मिटतो. किती उघडायचं ते बोटाच्या जोरावर ठरवतो. नाजूक प्रकृतीचा गडी. माझा दाटपणा आणि त्याचं तोंड एकत्र आलं, की तारेतून सिंथचा आवाज निघतो म्हणे.

निघाला नाही. मी आधी, तो नंतर, असं जोडलं तर माझा एकसारखा आवाज ऐकून तो आ वासूनच राहिला. उलट जोडलं, तर त्यानं नीट उघडमीट केली आणि मी ती सगळी सपाट करून टाकली. चार दिवस आमचे कान पिळून झाले.

पाचव्या दिवशी ताई आली. गाद्यांच्या ढिगावर बसली. डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर ठेवला आणि ऐकत राहिली.

"रोबोटचं पोट बिघडलंय का रे?"

ड्रमवाला हसला. मालक हसला नाही. "नाही जमत, ताई. सोडून देऊ."

"या डबीमुळे तुझं बोट त्या फिल्टरला कळतच नाहीये." तिनं माझ्याकडे हनुवटी केली. "फिल्टरच्या कुशीत आणखी एक भोक आहे बघ. तारेचा कोरा सूर तिथं थेट दे. ऐकू दे त्याला तुझं बोट. आवाज या डबीचा जाऊ दे."

मालकानं दोन फाटे असलेली वायर शोधली. एक फाटा माझ्यात, दुसरा थेट फिल्टरच्या कुशीत. मग मालकानं तार हळूच छेडली. फिल्टरचं तोंड थोडंसं उघडलं. जोरात छेडली, तसं पुरतं उघडलं. आवाज माझाच होता, पण त्यात बोट होतं. ताईनं डोळे मिटून घेतले. मला तेव्हाही काही वाटलं नाही, खोटं कशाला सांगू?

रविवारी गाणं झालं. ताई स्टेजच्या कडेला उभी होती, बधिर हात स्पीकरवर ठेवून. लोक गेल्यावर मालकानं विचारलं, "हाताला काही जाणवलं?"

"काहीच नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "शेवटच्या ओळीला घाई केलीस."

तुमच्याकडे माझा एखादा भाऊबंद असेल, तर एवढंच मागणं आहे, वाजवून झालं की त्याची वायर काढत जा. आणि ती काढणारं हक्काचं माणूस घरात असेल, तर तुम्ही मध्ये हात घालू नका.

कारण त्या रविवारी मग ताई माझ्यापाशी खाली बसली. डाव्या हातानं माझी वायर धरली. दोनदा निसटली. मालक पुढे झाला आणि तिथंच थांबला. तिसऱ्यांदा वायर निघाली.