पुर्नामीचा एकपंखी दात

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि जिभेचे टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागून फिरवा. एकेक दात लागतो ना? आता समजा, त्यांतला एक तुमचा नाहीच. तो उपरा दात म्हणजे मी. मी एक जुना, मोडका, चिनीमातीच्या जातीचा दात आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका बेटावर, देनपासार शहरातल्या एका लहानशा कार्यशाळेत झाला. इबु सुमिती नावाच्या बाईंनी मला खडूसारख्या पांढऱ्या ठोकळ्यातून कोरले. कोरले तेही मुद्दाम मोठे, कारण भट्टीत मी आक्रसणार होतो. माझ्या पाठीला एक पातळ पंख होता. त्या पंखाने मला शेजारच्या दातामागे चिकटून राहायचे होते. पंख आणि मी जिथे जुळतो, त्या मानेकडे बाई पुन्हा पुन्हा भिंगातून पाहत. "इथं बारीक राहिलास तर मोडशील, जाड झालास तर पोरीच्या जिभेला टोचशील," असे पुटपुटत.

ती पोर म्हणजे पंधरा वर्षांची पुर्नामी. डॉक्टर अर्दानीबाईंनी तिचा शेजारचा दात मागून नखाने ओरखडावा इतकाच घासला आणि मला बसवले. आम्हा दोघांमध्ये केससुद्धा शिरला नसता.

"मऊ-कडक सगळं खा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "फक्त कानस लावू देऊ नकोस हं!"

पुर्नामीने मान खाली घातली.

त्याचे कारण होते तिचे आजोबा. ती त्यांना पेकाक म्हणे. आमच्याकडे मुले वयात आली की षड्रिपूंची धार बोथट व्हावी म्हणून वरचे सहा दात कानशीने हलकेच घासतात. गावातले ते काम पेकाक करत. नातीचे दात आपल्याच हाताने घासायचे, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. पण तिचा दात पडला होता तो त्यांच्याच स्कूटरवरून. बाजारातून येताना ते पाटात घसरले. पोरीने तोंडावर हात दाबला आणि "ओठ फाटलाय नुसता," म्हणाली. बापाने तिला बजावले, "म्हाताऱ्याला कळलं तर खचेल. गप्प बस." मी येईपर्यंत ती तोंडाला फडके बांधूनच वावरली.

अखेर तो दिवस उजाडला. पुर्नामी पिवळ्या वस्त्रात आडवी झाली. तोंड उघडे राहावे म्हणून दाढांमध्ये उसाचे तुकडे होते, त्यामुळे बोलता येत नव्हते.

"गेक, माझी पोर, घाबरलीस काय? तुझ्या बापानं तर भोकाड पसरलं होतं!" पेकाक म्हणाले. पाहुणे हसले.

खऱ्या दातावर कानस खरखरते. माझ्यावर ती किणकिणली आणि सरकली. पेकाकांचा हात थांबला. माझ्या मानेत मात्र एक सूक्ष्म तडा गेला होता. पेकाक वाकले. पोरीच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होते. हा दात खोटा आहे, हे त्यांना उमगले असावे. कानशीचे उरलेले हात त्यांनी मला न लावता हवेतच फिरवले. कोणाला कळले नाही. पुर्नामीने दातांचा चुरा पिवळ्या शहाळ्यात थुंकला आणि ते शहाळे रिवाजाप्रमाणे देवघराच्या मागे पुरले गेले.

त्या दिवसापासून पेकाकांनी कानस हातात धरली नाही. शेजारी मुलाचे दात घासायला बोलवायला आले तेव्हा म्हणाले, "या हाताला आता दिसत नाही."

समारंभानंतर अठराव्या दिवशी शेंगदाणा चावताना मी मोडलो. डॉक्टरबाईंनी शेजारचा दात पाहिला. तो धडधाकट होता. "याला फारसं छेडलंच नव्हतं. नवा बसवू," त्या म्हणाल्या. मित्रांनो, माझ्या आयुष्याचे एवढेच सार्थक. मी मोडलो, पण शेजाऱ्याला सोबत नेले नाही.

पेकाकांच्या हाताला मात्र माझ्यासारखा नवा जोड नव्हता. म्हणून तुम्हाला विनवतो, दातांना जपा आणि ज्यांना जपायचे त्यांच्यापासून घाव लपवू नका. न सांगितलेल्या जागी मायेचा हातसुद्धा कानस होतो.

मी मोडलो त्या संध्याकाळी पेकाक ओसरीवर बसले होते. पुर्नामीने मला त्यांच्या तळव्यावर ठेवले.

"तुमचा हात चुकला नाही, पेकाक. मी खोटं बोलले."

"पाटात पडलो तेव्हाच गेला ना गं दात?"

"हो."

म्हाताऱ्याने मला मुठीत घेतले. मग पुर्नामीने त्यांना उठवून देवघरामागे नेले, शहाळे पुरले होते तिथली माती बोटांनी उकरली, आणि त्यांनी मला त्या खड्ड्यात सोडेपर्यंत त्यांच्या हाताखाली आपला हात धरून ठेवला.